सैफ घरी आला की

“माझ्या लेकीला सासरी मारतात, मॅडम. मला पुरावा पायजे.”

फजल मुकादम हे वाशीच्या फळबाजारातले बडे व्यापारी. लिलावाच्या वेळी त्यांचा आवाज चार गाळे ओलांडून जायचा म्हणे. आज मात्र तो इतका खाली आला होता, की नंदकुमारने उठून घरघरणारा पंखाच बंद केला.

फजलभाईंनी टेबलावर फोटो टाकले. एकात दंडावर तळहाताएवढा जांभळा डाग. दुसऱ्यात मनगट काळंनिळं. तिसऱ्यात घोट्याच्या वर लाल ठिपक्यांची नुसती रांगोळी. नंदकुमारच्या तोंडून “अरे देवा!” निघून गेलं.

टेबलापलीकडे बसलेल्या सुचित्रा आजगावकरांनी तिसरा फोटो उचलून उजेडात धरला. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात बाईंची उमेदीची वर्षं गेली होती. मग नोकरी सोडून त्यांनी सेक्टर सतरात, मिठाईच्या दुकानावर, स्वतःचं ऑफिस थाटलं. नंदकुमार हा त्यांचा नवरा. ठाणे-बेलापूर रोडवरची कंपनी बंद पडल्यापासून तो बायकोची स्कूटर चालवायचा, पाहुण्यांचा चहा सांगायचा आणि आपण या धंद्याचा अर्धा मेंदू आहोत असं समजायचा. त्याचं हे मत त्याच्यापुरतंच होतं.

“सुरुवातीपासून सांगा,” सुचित्रा म्हणाली.

“मुलीचं नाव अमरीन. लग्नाला दोन वर्सं होतील. जावई सैफ धनसे, गल्फला समुद्रात तेलाच्या रिगवर असतो. काही महिने तिकडं, मग महिनाभर सुटी. घर जुईनगरला. आता ऐका हां. तो तिकडं असतो तेव्हा पोर सासरीच असते आणि ठणठणीत असते. तो घरी आला, बॅग ठेवली, की दुसऱ्या दिवशी हिच्या अंगावर हे असं!”

“दर वेळी?”

“गेल्या पावसाळ्यात आला तेव्हा काय नाय झालं. तेवढी एक खेप सोडा. लाज वाटली असेल.”

“आणि सैफ नसताना कधीच नाही?”

फजलभाई जरा चाचरले. “एकदा झालं. ईदेला अमरीन माझ्याकडं होती. पण त्या दिवशी सैफचा भाऊ मुआज येऊन गेला. मी होतो बाजारात. दिरानं काय केलं, अल्ला जाणे!”

“अमरीन काय म्हणते?”

“कुठली पोर बोलते, मॅडम? म्हणते, मला कुणी बोट लावलं नाय. घाबरलीय ती. आता परवा सैफ परत आला आणि काल तिला वाशीच्या हॉस्पिटलात टाकली. डॉक्टर रक्ताचा आजार म्हणतो. मी बोल्लो, डॉक्टरसाहेब, आजाराला काय जावयाच्या विमानाची वेळ समजते?”

सुचित्राने मान वर केली. “फजलभाई, प्रश्न अगदी बरोबर विचारलात. तुम्ही रागात विचारलात, एवढंच.”

“शुक्रवारी नमाजनंतर जमातीची, म्हणजे आमच्या समाजाची, बैठक ठेवलीय. तिथं हे लग्न मोडणार, आणि तिथून सरळ पोलीस स्टेशन. त्याच्या आत मला पुरावा द्या.”

“पुरावा देईन. तो कशाचा निघेल, ते मात्र आत्ता कबूल करणार नाही. चालेल?”

फजलभाईंनी खांदे उडवले. मुलीला घरी परत आणायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

जिना उतरताना नंदकुमार करवादला, “यात शोधायचंय काय? नवरा येतो, मारतो, जातो. पावसाळ्यात मारलं नाही म्हणून काय साधू झाला?”

“अहो, तो तिसरा फोटो नीट पाहिलात? टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, दोन्ही पायांवर, अगदी सारखे. असं मारायला काय घेऊन मारत असतील हो?”

नंदकुमारने विचार केला. त्याने स्कूटरला किक मारली.

*

डॉक्टर निशांत तरुण होते आणि फजलभाईंनी त्यांचा पुरता पिट्टा पाडलेला दिसत होता. गुप्तहेरबाई आल्यात म्हटल्यावर त्यांनी आधी कपाळावर हात मारला. पण फजलभाईंनी परवानगीचा फोन केला होता, आणि सुचित्राचे प्रश्न ऐकून ते हळूहळू खुलले.

“हे बघा, रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात. रक्तवाहिनीला कुठे बारीकसं भोक पडलं, की हे धावत जाऊन बूच मारतात. माणसात ते दीड लाखाच्या वर हवेत. अमरीन आली तेव्हा तिचे दहा हजारही नव्हते. मग बूच कोण मारणार? धक्का लागला की डाग पडतो. काही लागलं नाही तरी ठिपके उठतात. तिच्या तोंडात, गालाच्या आतून रक्ताचे फोड आलेत.”

“गालाच्या आत कोण मारणार,” सुचित्रा पुटपुटली.

“तेच तर मी मुकादमांना सांगतोय! मारानं डाग पडतील, पण प्लेटलेट नाही उतरत.”

“उंदराचं विष!” नंदकुमार एकदम ओरडला. “डॉक्टर, त्यानं रक्त पातळ होतं. मी वाचलंय.”

“होतं. पण ते रक्त गोठवणाऱ्या दुसऱ्या घटकांना मारतं, प्लेटलेटना नाही. आम्ही तपासलं. बाकी सगळं उत्तम आहे. फक्त प्लेटलेट गायब.”

नंदकुमार हिरमुसला, तरी त्याने विषाची शक्यता मनातून काढली नाही.

“मग जातात कुठे?” सुचित्राने विचारलं.

“तिच्याच शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना मारते. जंतूंशी लढायला आपण अँटीबॉडी तयार करतो. काही माणसांत त्या चुकून स्वतःच्याच प्लेटलेटवर उलटतात. आम्ही त्याला आयटीपी म्हणतो. खरं सांगू? दुसरं कुठलंच कारण सापडलं नाही, की उरतं ते हे नाव. स्टेरॉइड दिली की आठवड्याभरात ती बरी होते. पण पुन्हा पुन्हा होतंय. असंच चाललं तर प्लीहा, म्हणजे प्लेटलेट जिथे मोडीत निघतात तो पोटातला अवयव, काढायचा विचार करावा लागेल. आणि एखाद्या वेळी मेंदूत रक्तस्राव झाला तर...” त्यांनी केसपेपर मिटला.

“औषधांनी असं होतं?”

“काही औषधांनी होतं. म्हणून दर खेपेला विचारतो मी. ती सांगते, एकही गोळी घेत नाही. सासूही तेच सांगते.”

अमरीन खिडकीकडे तोंड करून पडली होती. हातावर जागोजागी जांभळे डाग. सुचित्राने स्टूल ओढलं. “मला कुणी मारलं नाही,” अमरीन विचारायच्या आधीच म्हणाली. हे वाक्य तिला आता पाठ झालं होतं.

“माझा विश्वास आहे,” सुचित्रा म्हणाली.

अमरीनने वळून पाहिलं आणि तिला रडूच फुटलं. नंदकुमारची चुळबुळ झाली. बायका रडायला लागल्या की त्याला पळून जावंसं वाटायचं.

“कोणीच मानत नाही,” ती डोळे पुसत म्हणाली. “अब्बा म्हणतात, तू नवऱ्याला पाठीशी घालतेस. शेजारीण म्हणते, सहन करू नकोस. नर्सनं तर काल सैफना खोलीच्या बाहेर काढलं. मी काय करू सांगा? माझं घर मोडायला निघालेत सगळे, आणि मला कुणी विचारतच नाही.”

“मी विचारते. आजार सुरू कसा होतो?”

“आधी थंडी वाजते, जोरात. अंग तापतं. मग सकाळी उठून बघते तर ठिपके. आमाला वाटायचं मलेरिया. पण रक्तात मलेरिया निघत नाही.”

“पूर्वी झाला होता कधी?”

“लग्नाच्या आदल्या वर्षी. मरतामरता वाचले. नेहमीच्या गोळ्या लागू पडेनात, मग कोयनेलची सलाईन लावली. कितीतरी दिवस कानात भुंगे गुणगुणत होते. पण डाग नव्हते हो तेव्हा. डाग लग्नानंतरच.”

“आणि सैफ आल्यावरच.”

“मॅडम, सैफ आले की मी घरातली सगळ्यांत सुखी बाई असते,” अमरीन म्हणाली. “हे मी कुणाला पटवून देऊ?”

*

जुईनगरच्या सिडको वसाहतीत धनसेंचं घर तळमजल्यावर होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत रिकाम्या टिनांची ओळ होती. पिवळेहिरवे, लाल, निळे परदेशी टिन, वरून कापलेले, आणि प्रत्येकात पुदिना नाहीतर सब्जा लावलेला. हॉलच्या शोकेसमध्ये अत्तराच्या बाटल्या, दुधाच्या पावडरचे डबे, शाम्पू अगदी दुकानासारखे मांडलेले.

सैफची आई खदीजाबी दारातच म्हणाल्या, “तुमी मुकादमाची माणसं ना? या. चोरी पकडायला आलात तरी घरात आलेल्याला तहानेलं नाय ठेवत आमी.”

त्यांचा धाकटा मुलगा मुआज मात्र हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभा राहिला. त्याची नजर काही पाहुणचाराची नव्हती.

“बाय, सून माझी गुणाची,” खदीजाबी बसता बसता सुरू झाल्या. “सैफ नसताना तीच माझी साखर सांभाळते. इंजेक्शन कोण देते? तीच. आनि मी तिला मारीन?” त्यांचा आवाज फाटला. “रात्रभर मीच हाय तिच्या उशाला. थंडी वाजली की पयलं काम मी करते, फ्रीजमधलं सगळं थंड बंद. नुसती पेज द्यायची.”

“सैफ येतो त्या दिवशी घरात काय काय होतं?”

भिंतीला टेकलेला मुआज प्रथमच बोलला. “बॅग उघडतात! आमच्याकडे ती पण ईदच असते. सगळे जेवून बॅगेच्या भोवती बसतात. दादा एक एक चीज काढतो. मला बूट नाहीतर कॅसेट, अम्मीला मऊ चपला, बाम, शेजारपाजाऱ्यांना साबण. भाभीला अत्तर, शाम्पू, क्रीम, टिन. मग भाभीसाठी दादा स्वतःच्या हातानं ग्लास भरतो, अम्मी आणि आम्ही त्याची चेष्टा करतो. एवढा मारकुटा आहे माझा भाऊ!”

“तू ईदेला वाशीला गेला होतास.”

“पाच मिनिटं! दादानं मित्राबरोबर सामान पाठवलं होतं, ते द्यायला. खजूर, टिन, अत्तर, असलंच. भाभीनं दारात पिशवी घेतली, मी तिथूनच मागे फिरलो. आणि तिचे वडील सांगत फिरतात, मी तिला मारलं! घरात त्यांचा नोकर होता, त्याला विचारा ना.”

खदीजाबींनी त्याला गप्प केलं. “जा, साहेबांना थंड आन. ते दोन टिन उरलेत त्यातला.”

सुचित्राने चहा मागितला. नंदकुमारने मात्र परदेशी टिन बघून हात पुढे केला. पिवळाहिरवा, लिंबाचं चित्र असलेला. टिचकन उघडून त्याने मोठा घोट घेतला आणि त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

“लिंबू आहे का काय आहे हे? कडू जहर!”

खदीजाबी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसल्या असाव्यात. “ते आमच्या सुनेचं! घरात दुसरं कोन नाय पीत. मला साखर, मुआज म्हनतो औषध हाय, सैफला तर वासच नाय सोसत. पन तिला कडू भारी आवडते. कारल्याच्या काचऱ्या अशा खाते, तुमी आमी शेंगदाने खातो तशा. म्हनून तो मुद्दाम घेऊन येतो. ती एखादा पिते, मग आजारी पडते, बाकीचे तसेच ऱ्हातात. पाव्हन्यांना द्यायचे.”

सुचित्रा खिडकीतल्या पुदिन्याकडे बघत चहा प्यायली. नंदकुमारने टिन हळूच टेबलाखाली सरकवला, आणि तिथेच त्याला सिंकच्या खाली उंदराच्या औषधाची वडी दिसली. त्याने बायकोला कोपराने ढोसलं. तिने त्याचा पाय दाबला.

बाहेर आल्यावर तो फुगला होता. “वडी दिसली ती? आणि अत्तराचं काय? अंगाला लावायचं अत्तर, त्यात काहीही मिसळता येतं. तो मुआज मला सरळ वाटत नाही. भावाच्या संसारावर डोळा असेल.”

“अहो, उंदराच्या वडीनं प्लेटलेट उतरत नाहीत, डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं. आणि अत्तर ती वर्षभर लावते. शोकेस भरलीय. मग डाग सैफ आल्यावरच का?”

“मग सैफच!”

“तोच राहिलाय. चला त्याच्याकडे.”

*

सैफ हॉस्पिटलच्या जिन्यात बसला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. रिगवर उन्हातान्हात रापलेला हा उंचापुरा गडी शाळेबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा दिसत होता.

“विचारा,” तो म्हणाला. “आता माझ्या बायकोला मीच भेटायचं तर नर्सची परवानगी लागते. विचारा काय ते.”

“तुम्हाला स्वतःला काय वाटतं?”

“मला वाटतं मीच पनवती आहे,” सैफ म्हणाला. “मी आलो की तिला त्रास होतो, हे तर खरं आहे ना? मी विचार केलाय. सासरेबुवा म्हणतात तसं सोडून देतो तिला. जगेल तरी.”

नंदकुमारला हे अगदीच अनपेक्षित होतं. मारकुट्या नवऱ्याला आपण कसं फैलावर घ्यायचं, याची त्याने जिना चढता चढता तयारी केली होती. ती सगळी फुकट गेली.

“सोडायचं नंतर बघू,” सुचित्रा म्हणाली. “गेल्या पावसाळ्यात तुम्ही आलात आणि तिला काही झालं नाही. त्या खेपेला वेगळं काय होतं? नीट आठवा.”

“काय वेगळं? तोच मी, तीच ती. उलट ती खेप सगळ्यात वाईट सुरू झाली. सहार विमानतळावर उतरलो तर बॅगच आली नाही. कुठे दुसरीकडेच गेली, ती गेलीच. दोन महिन्यांनी घरी येतोय आणि हातात चॉकलेटसुद्धा नाही! आमच्यात रिकाम्या हातानं येणं म्हणजे... मुआज अजून चिडवतो. पण अमरीन म्हणाली, तुमी आलात ना, पुरे झालं. आम्ही महिनाभर हिंडलो, खाल्लं. तेवढी एकच सुटी अशी गेली, की तिला दवाखाना दिसला नाही.”

सुचित्रा ताडकन उठून उभी राहिली. “रिगवर जायच्या आधी ती बॅग हरवल्याबद्दल एकदा देवाचे आभार माना, सैफ. अहो, स्कूटर काढा.”

“कुठे?”

“परत जुईनगर. खदीजाबींकडे उरलेला शेवटचा टिन घेऊन यायचाय. आणि मग डॉक्टरांकडे. तुम्ही निरोगी आहात ना? तुमचं रक्त लागेल बहुतेक.”

“माझं?” नंदकुमार जागच्या जागी थांबला. “माझा काय संबंध?”

*

शुक्रवारी सकाळी फजलभाई डॉक्टरांच्या खोलीत आले ते पांढरेशुभ्र कपडे घालून, जमातीला जायच्या तयारीनेच. सैफ, खदीजाबी आणि मुआज एका भिंतीला. अमरीन खुर्चीत. तिच्या हातावरचे डाग पिवळे पडायला लागले होते. नंदकुमारच्या कोपरावर कापसाचा बोळा होता आणि तो हात त्याने सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता.

“पुरावा मिळाला?” फजलभाईंनी विचारलं.

“मिळाला. बसा.”

सुचित्राने पदर खोचला.

“फजलभाई, तुम्ही म्हणालात मार. डॉक्टर म्हणाले आजार. मारानं प्लेटलेट उतरत नाहीत, गालाच्या आत फोड येत नाहीत, म्हणून मार बाद. पण नुसता आजार म्हणावा, तर त्याला सैफची सुटी कशी कळते? तुमचा प्रश्न बिनतोड होता. म्हणजे सैफबरोबर घरात काहीतरी येत होतं, आणि ते आजार सुरू करत होतं.”

“मी तेच सांगतोय!”

“थांबा. पावसाळ्यात सैफ आला आणि काही झालं नाही. ईदेला सैफ आला नाही तरी झालं. म्हणजे सैफ असो वा नसो, त्यानं फरक पडत नाही. मग कशानं पडतो? पावसाळ्यात त्याची बॅग हरवली होती. ईदेला तो आला नाही, पण त्यानं पाठवलेली पिशवी आली. तुमची मुलगी आजारी पडते ती नवरा आल्यावर नाही, फजलभाई. सामान आल्यावर.”

खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

“आता सामानात काय? बूट, चपला, साबण इतरांचे. खजूर सगळे खातात. अत्तर, शाम्पू, क्रीम वर्षभर शोकेसमधून काढून वापरते, तरी ठणठणीत असते. बॅग उघडल्याबरोबर जिची चव फक्त अमरीन घेते, आणि आजारी पडली की जी सासू लगेच बंद करते, अशी एकच चीज आहे.” तिने पिशवीतून पिवळाहिरवा टिन काढून टेबलावर ठेवला.

“सरबत?” फजलभाई जवळजवळ ओरडले. “मॅडम, मस्करी करता काय? सरबतानं माणूस मरतो?”

“आमच्या ह्यांनी एक घोट घेतला आणि तोंड कसनुसं केलं. म्हणाले, कडू जहर. लिंबाचं सरबत आंबट असतं, गोड असतं, खारट असतं. कडू का असावं? मला एक कडू चीज आठवली, जिच्याबद्दल अमरीननं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मलेरियात तिला सलाईनमधून दिली होती.”

“कोयनेल!” अमरीन म्हणाली.

“कोयनेल. साहेबाच्या काळापासून मलेरियाच्या मुलखात ते सोड्यात घालून प्यायची पद्धत. परदेशात अजून काही शीतपेयांत चवीपुरतं घालतात. टिनावर इतकं बारीक छापलंय, की मला भिंग लागलं. बाकी कुणाला त्यानं काही होत नाही. ह्यांना काही झालं नाही. तुम्हाला, मला काही होणार नाही. डॉक्टर, पुढचं तुम्ही सांगा.”

डॉक्टर निशांतचा चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा झाला होता. “मलेरियात कोयनेल दिलं तेव्हा तिच्या शरीरानं त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवल्या. फार थोड्या माणसांत असं होतं. या अँटीबॉडी एरवी प्लेटलेटना काही करत नाहीत. पण पोटात थेंबभर जरी कोयनेल गेलं, तर ते प्लेटलेटला जाऊन चिकटतं, आणि मग त्या तुटून पडतात. काही तासांत हजारो, लाखो प्लेटलेट खलास. कोयनेल शरीरातून गेलं, की सगळं शांत. मला वाटायचं माझ्या गोळ्यांनी बरी होते. ती टिन बंद झाल्यामुळे बरी होत होती. मी दर वेळी विचारत होतो, औषध कुठलं घेता? सरबत पिता का, हे विचारायचं कसं सुचणार?”

“तिलाही कसं सुचणार?” सुचित्रा म्हणाली. “नवऱ्यानं हातानं ग्लास भरून दिलेला. त्याला औषध कोण म्हणेल?”

“हे सगळं बोलणं झालं,” फजलभाईंचा आवाज मऊ झाला होता, पण व्यापारी अजून तपासल्याशिवाय माल घ्यायला तयार नव्हता. “पुरावा?”

“परळच्या एका प्रयोगशाळेत काल तपासणी झाली,” डॉक्टरांनी सांगितलं. “अमरीनच्या रक्तातलं पाणी घेतलं. त्यात निरोगी माणसाच्या प्लेटलेट मिसळल्या...”

“माझ्या,” नंदकुमारने कोपर पुढे केलं.

“यांच्या. काही झालं नाही. मग त्यात जरासं कोयनेल घातलं. अँटीबॉडी लगेच प्लेटलेटना जाऊन चिकटल्या. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. शंकेला जागाच नाही. प्लीहा काढायची गरज नाही, स्टेरॉइड बंद करत आणू. फक्त यापुढे आयुष्यात कोयनेलचा थेंब नको. मलेरिया झाला तरी नको, आणि प्रत्येक डॉक्टरला हे आधी सांगायचं. बस्स. मुलगी ठणठणीत आहे, आज घरी नेलीत तरी चालेल.”

खदीजाबींनी दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले आणि मुआजच्या खांद्यावर डोकं टेकलं. मुआज एवढ्या वेळ ताठ उभा होता, तो आईला धरून हुंदके द्यायला लागला. सैफ मात्र टिनाकडे टक लावून बघत होता.

“म्हणजे मीच पाजत होतो,” तो म्हणाला. “माझ्या हातानं.”

“हो. प्रेमानं,” सुचित्रा म्हणाली. “कायद्यात याला कलम नाही. पुढच्या खेपेला कारल्याचं लोणचं आणा.” मग ती फजलभाईंकडे वळली. “त्या अँटीबॉडी काय करत होत्या, कळलं ना? निरपराध प्लेटलेटला काहीतरी चिकटलेलं दिसलं, की घातला घाव. ते चिकटलेलं काय आहे, तिकडे कुणी बघितलंच नाही. तुम्ही सैफला असंच पकडलंत. तो दर वेळी तिथे होता, एवढाच त्याचा गुन्हा.”

फजलभाईंनी खाली बघितलं. दुपारच्या नमाजची वेळ जवळ येत होती. शेवटी ते उठले, जावयासमोर गेले आणि त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

“चल माझ्याबरोबर. जमात मी गोळा केलीय, तर जमातीसमोरच बोलतो. सगळ्यांच्या देखत तुझी माफी मागतो. मोठ्या आवाजात मागतो.”

सैफ गडबडला. “अब्बा, राहू द्या. झालं गेलं...”

“नाय, नाय. मागणारच.”

“अब्बा,” अमरीन म्हणाली.

ती खुर्चीतून उठली होती. सुचित्राने तिला कधी उभं पाहिलंच नव्हतं. चांगली उंच होती.

“त्यांची माफी जमातीसमोर मागा. पण आधी माझी मागा. इथंच.” तिचा आवाज कापत नव्हता. “मी पयल्या दिवसापासून खरं सांगत होते. दोन वर्सं. तुमी सगळ्यांना विचारलंत, डॉक्टरला, शेजाऱ्यांना, पैसे देऊन या मॅडमना. माझं एक वाक्य खरं धरलं असतंत, तर तुमी त्याच दिवशी विचारलं असतंत, की मग पोरीला होतं तरी कशानं.”

मुकादमांना असं बोललेलं माणूस बाजारात तरी कुणी पाहिलं नसेल.

फजलभाई लेकीजवळ गेले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली.

“चुकलं माझं, बेटा,” ते म्हणाले. “तू बोलत होतीस आणि मी तुला वाचवत बसलो. माफ कर.”

अमरीनचा चेहरा फुलला. दोन वर्षांचं सगळं ओझं त्या एका हसण्यात उतरलं. तिने वडिलांच्या हातातली टोपी घेतली, त्यांच्या डोक्यावर नीट बसवली, आणि सैफकडे वळून म्हणाली, “तुमी दोघं नमाजला जा. मी आणि अम्मी टॅक्सीनं घरी जातो. आज जेवायला सगळे आपल्याकडं.”

“आणि आम्ही?” नंदकुमारच्या तोंडून गेलं.

सुचित्राने कपाळाला हात लावला. सगळी खोली हसायला लागली, त्यात अमरीन सगळ्यांत मोठ्याने हसत होती.